नोंदणीकृत ग्राहकाचा आवाज

माझ्या वडिलांना सत्तरीनंतर हळूहळू ऐकू येईनासं झालं. इतकं हळूहळू, की ते नेमकं कधी सुरू झालं हे घरात कुणालाच सांगता येणार नाही. आधी दाराची बेल गेली, मग कुकरच्या शिट्ट्या, मग फोन. सगळ्यात शेवटी आईचा आवाज गेला. आई काही बोलली की ते माझ्याकडे बघायचे आणि मी तिचं वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणायचो. बायकोनं नवऱ्याला काय सांगितलं ते मुलानं ओरडून सांगायचं, यात कसलाच खासगीपणा उरत नाही. आईला ते आवडत नसे. ती कमी बोलू लागली.

त्यातच तिला कंपवात झाला. हात थरथरतात एवढंच आपल्याला या आजाराबद्दल ठाऊक असतं. तो आवाजही खातो हे आम्हाला नंतर कळलं. आईचा मुळातला बारीक आवाज कुजबुजीवर आला. चेहऱ्याचे स्नायू ताठरले, ओठ जेमतेम हलायचे, त्यामुळे ओठांवरून ओळखणंही अवघड. लिहून दाखवावं तर अक्षर आधी बारीक झालं, मग नुसत्या रेघोट्या उरल्या. पंचावन्न वर्षं एका घरात काढलेल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायला काही साधनच राहिलं नाही.

म्हणून आम्ही बाबांसाठी श्रवणयंत्र घेतलं. साधं नव्हे, चांगल्यातलं. फोनला जोडलेलं, ज्याच्या कानात बसवायचं त्याच्या कानाप्रमाणे बेतून दिलेलं. सिंहगड रस्त्यावर कंपनीचं स्वतःचं दुकान होतं, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या तपासणी करणाऱ्या मुलीनं बाबांना काचेच्या खोलीत बसवून तासभर तपासलं. मग तिनं विचारलं, "आजोबांना सगळ्यात जास्त कुणाचं बोलणं ऐकायचं असतं?" मी आईकडे बोट दाखवलं. तिनं आईची खुर्ची बाबांच्या समोर आणून ठेवली, यंत्र त्यांच्या कानात बसवलं, लॅपटॉप उघडला आणि आईला म्हणाली, "आजी, बोला."

"काय बोलू?" आई म्हणाली.

"काहीही बोला. समोर दिसेल ते वाचा."

समोरच्या भिंतीवर पाटी होती. आई आपल्या त्या पुसट आवाजात वाचू लागली, "कृपया चपला बाहेर काढाव्यात." मुलगी लॅपटॉपवर काहीतरी कमी-जास्त करत होती. आईनं पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. चौथ्या वेळी बाबा एकदम तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "अगं, बाहेरच काढल्यात."

आम्ही सगळे हसलो. आईला हसता येत नव्हतं, तिचे डोळे भरून आले. मुलीनं बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं. आजींचा आवाज सेव्ह केला."

पावती कुणाच्या नावानं करायची असं विचारल्यावर मी माझं नाव सांगणार होतो, कारण कागदपत्रं, फोन, सगळं मीच बघतो. बाबांनी हात वर केला. "कान माझे, वस्तू माझी, नाव माझं." नंबरही त्यांचाच दिला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं आमच्या धायरीच्या घरातली चांगली वर्षं होती. दुपारी जेवण झालं की बाबा खुर्ची ओढून आईच्या पलंगाशी बसत. ती बोलायची, ते ऐकायचे. शाळेला सुट्टी असली की मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेला असे आणि मला बाबांचीच बाजू ऐकू यायची. "हो का?" "छे, तेव्हा तुझा भाऊ आलाच नव्हता." "अगं, कितीदा तेच?" आई त्यांना काहीबाही विचारायची, चिडवायची, जुनी भांडणं उकरून काढायची. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात बाबांनी तिची माफी मागितलेली मी माझ्या कानांनी ऐकली. कसलं प्रकरण ते मी विचारलं नाही.

मग हिवाळ्यात आईच्या छातीत कफ साठला. दहा दिवस दवाखान्यात काढल्यावर डॉक्टर मला आणि बाबांना बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, घरी न्या, आता जितके दिवस आहेत तितके घरीच बरे. आम्ही तिला ऑक्सिजनच्या यंत्रासह घरी आणलं. बाबांना मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा ते शेजारीच उभे होते आणि तेव्हा त्यांना ऐकू येत होतं.

तिला घरी आणून आठवडाही झाला नसेल. सकाळी चहाच्या वेळी बाबा कानाला हात लावत बाहेर आले. "बंद पडलं वाटतं," म्हणाले. यंत्र बंद नव्हतं, हिरवा दिवा लागत होता. त्यांचा फोन पाहिला तर इंग्रजीत लांबलचक निरोप. कंपनी दुसऱ्या एका कंपनीनं विकत घेतली होती. आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून आपली माहिती नव्या कंपनीकडे सोपवायची आहे, त्यासाठी आपली संमती हवी, आणि संमती मिळेपर्यंत आपले यंत्र मूलभूत पातळीवर काम करील. मूलभूत पातळी म्हणजे बाबांच्या कानांना काहीच नाही. अधिक चांगली सेवा देण्यासाठी आधी होती ती काढून घ्यायची, हे गणित मला तीस वर्षं गणित शिकवूनही सुटलं नाही.

मी तसाच शाळेत न जाता दुकानात गेलो. दुकान नव्हतं, तिथं आता केक मिळत होते. त्या तपासणाऱ्या मुलीचा नंबर माझ्याकडे होता. बिचारी चांगली बोलली. "सर, मी ती नोकरी सोडली. आजोबांचं सगळं सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर आहे, त्याला बाहेरच्या कुणाला हात लावता येत नाही." कर्वे रस्त्यावरच्या एका जुन्या, नावाजलेल्या तज्ज्ञांनीही यंत्र उलटसुलट करून परत दिलं. "यंत्राला काही झालेलं नाही. कुलूप कंपनीचं आहे, किल्ली कंपनीकडे." त्यांच्याकडे दुसरं यंत्र घेता आलं असतं. त्यासाठी बाबांच्या कानाचा साचा काढून पाठवायचा, मग ते बनून यायचं. तीन ते चार आठवडे. आम्ही तेही सांगून टाकलं. तोवर त्यांनी एक खिशात ठेवायचं जुनं यंत्र दिलं, पण ते सगळेच आवाज सारखे मोठे करायचं. आईच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं. बाबांना फक्त तीच घरघर ऐकू यायची, दसपट मोठी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते काढून ठेवलं.

राहिलं कस्टमर केअर. मराठीसाठी चार दाबा, असं ते सांगायचं. चार दाबलं की हिंदी बोलणारं माणूस यायचं, हरकत नाही. पहिल्या दिवशी अठरा-वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, संमती नोंदणीकृत ग्राहकानं स्वतःच्या आवाजात द्यावी लागते. आपण त्यांना फोन द्या, मी पाच प्रश्न विचारीन, ते उत्तरं देतील, झालं."

"त्यांना ऐकू येत नाही."

"मी आपली अडचण समजू शकते, सर."

"समजत असती तर तुम्ही हे बोलला नसता. अहो, ऐकू येत नाही म्हणून तर त्यांनी तुमचं यंत्र घेतलं ना? ते चालू करा, म्हणजे त्यांना तुमचे प्रश्न ऐकू येतील."

"संमती आल्याशिवाय यंत्र चालू होणार नाही, सर."

"आणि यंत्र चालू झाल्याशिवाय संमती येणार नाही."

"मी आपली अडचण समजू शकते."

मला राग लवकर येतो. वर्गात मुलं माझ्या कपाळाकडे बघून अंदाज घेतात. त्या दिवशी मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पुढच्या चार दिवसांत मी सात वेळा फोन केला आणि सातही वेळा वेगळं माणूस तेच वाक्य बोललं. मागे तेच वाक्य बोलणारे आणखी कितीतरी आवाज ऐकू यायचे. त्यांचा काही दोष नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. ज्यांचा दोष होता त्यांचा नंबर कुठंच छापलेला नव्हता.

बाबांना मी हे सगळं वहीत लिहून दाखवलं. ते वाचून ते संतापतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

इथं बाबांविषयी थोडं सांगायला हवं. ते सारी नोकरी दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. घर विकणारा, जमीन देणारा, मृत्युपत्र करणारा माणूस खरंच तोच आहे ना, स्वतः हजर आहे ना, हे बघणं हे त्यांचं काम. "वडिलांची तब्येत बरी नाही हो, मी मुलगाच आहे, माझी सही घ्या," असं म्हणणारे त्यांनी शेकड्यांनी परत पाठवले. त्यातले निम्मे वडिलांना फसवायला आलेले असत, असं ते सांगायचे. मुलगा म्हणतो म्हणून बापाची संमती धरायची नाही, यावर त्यांची श्रद्धाच होती.

"पण आजारी माणूस असेल तर आमचे साहेब घरी जायचे," ते म्हणाले. "पलंगापाशी बसून विचारायचे. यांनी घरी यावं. नाहीतर मी समक्ष जातो. पत्ता काढ."

मी खूप समजावलं. पण यंत्राच्या खोक्यावर कंपनीचा पत्ता होता, वाघोलीचा, आणि पत्ता आहे म्हणजे तिथं माणूस असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. रविवारी कचेऱ्या बंद, म्हणून सोमवारी मी रजा काढली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आधार कार्ड, पावती, दोन फोटो आणि स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज, त्याची एक प्रत, असं सगळं पिशवीत घेतलं. निघताना आईच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "जाऊन येतो. संध्याकाळपर्यंत ऐकू येईल." धायरीहून वाघोलीला पोचायला आम्हाला दोन तास लागले. गाडीत ते अर्ज पुन्हा पुन्हा वाचत होते.

तो पत्ता म्हणजे एक पत्र्याचं गोदाम होतं. फाटकावर पाच-सहा कंपन्यांच्या पाट्या, आमच्या कंपनीची जुन्या नावाची. आत ट्रक, खोकी आणि एक वयस्कर रखवालदार. बाबा त्याच्यासमोर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "मी स्वतः आलो आहे."

रखवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हितं निस्ती खोकी हायती. कंपनीचं कुनी मानूस बसत न्हाय हितं."

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं. मी वहीत लिहिलं, इथे कोणी बसत नाही.

त्यांनी वही दोनदा वाचली. मग पिशवीतून अर्ज काढून रखवालदाराला दिला आणि प्रतीवर पोच मागितली. तो भला माणूस होता. त्यानं प्रतीवर सही केली, खाली तारीख घातली, आणि अर्ज दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "कुनी आलं तर देतो, बाबा." येताना खराडीपाशी बाबा म्हणाले, "कचेरी आहे आणि त्यात माणूसच नाही. मग ह्यांना 'स्वतः' म्हणजे काय अपेक्षित आहे?" त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच म्हाताऱ्याचा वाटला.

घरी आल्यावर आईनं डोळ्यांनीच विचारलं. बाबांनी यंत्र कानात तसंच ठेवलेलं होतं. ते तिच्याजवळ बसले आणि तिला म्हणाले, "होईल एक-दोन दिवसांत."

मग मीच युक्ती काढली. फोन स्पीकरवर ठेवायचा, तिकडून प्रश्न आला की मी तो वहीत लिहायचा, बाबांनी वाचायचा आणि स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायचं. यात खोटं काहीच नव्हतं. बाबांनी विचार करून होकार दिला. आम्ही आईच्याच खोलीत बसलो, तिलाही दिसावं म्हणून. पहिला प्रश्न नावाचा, दुसरा जन्मतारखेचा. बाबांनी खणखणीत उत्तरं दिली. तिकडची मुलगी "धन्यवाद सर, धन्यवाद सर" म्हणत होती. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. तिसरा प्रश्न लांब होता: आपली श्रवणविषयक माहिती नव्या कंपनीकडे सोपवण्याचा निर्णय आपण कुणाच्याही दबावाशिवाय, स्वेच्छेने घेत आहात का? मी भराभर लिहीत होतो. तिकडून "सर? सर, आपण लाइनवर आहात का?" सुरू झालं. मी बाबांना खुणेनं म्हटलं, बोला काहीतरी.

आणि बाबा फोनजवळ वाकून अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "एक मिनिट थांबा हं, बाई. मला ऐकू येत नाही. मुलगा प्रश्न लिहून देतोय, तो वाचतो आणि सांगतो."

तिकडची मुलगी म्हणाली, "सॉरी सर, दुसऱ्याच्या मदतीनं दिलेली संमती ग्राह्य धरता येत नाही. आपण पुन्हा प्रयत्न करू शकता. आपला दिवस शुभ जावो." फोन बंद झाला.

मी बाबांवर ओरडलो. काय गरज होती तिला सांगायची? एवढंसं गप्प बसता येत नव्हतं? तीन प्रश्न उरले होते, फक्त तीन! उभं आयुष्य नियम, नियम, नियम. आई मरायला टेकली आहे आणि तुम्हाला तिथं खरं बोलायचं सुचतंय! असं आणि आणखी बरंच. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाबा माझ्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत होते आणि वही पुढे करत होते, लिही म्हणून. त्यांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. आईला सगळं ऐकू आलं.

तिनं मान भिंतीकडे वळवली. मी त्या खोलीत दोन दिवस गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या गच्चीवर गेलो, बाबांचा फोन बरोबर आणला होता. आवाज खोल केला, सावकाश बोललो, मधून खोकलो. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, स्वेच्छेने घेतो आहे म्हणालो, पाचही प्रश्नांना बाबा होऊन उत्तरं दिली. तिकडच्या मुलानं थांबायला सांगितलं. संगीत लागलं. खाली मैदानात मुलं कबड्डी खेळत होती, मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. पाच-सहा मिनिटांनी तो परत आला.

"सर, आपला आवाज आमच्याकडे आधीच्या कॉल्समध्ये 'मुलगा' म्हणून नोंदलेला आहे. ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी हे खातं एकवीस दिवस गोठवण्यात येत आहे. या काळात कोणताही बदल करता येणार नाही."

बाबांचा आवाज ओळखायला त्यांच्याकडे काही नव्हतं. माझा मात्र त्यांनी नीट जपून ठेवला होता. मी त्या मुलाला विनवण्या केल्या, चक्क रडलो. आईबद्दल सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "सर, माझ्या हातात खरंच काही नाही. मी नुसतं वाचून सांगतो." तेवढं एकच वाक्य मला त्या सगळ्या प्रकारात कुणीतरी माणसानं बोललेलं वाटलं.

घरी मी हे सांगितलं नाही. बायकोलाही नाही. बाबांनी विचारलं तेव्हा वहीत लिहिलं, काम चालू आहे, वेळ लागेल. त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्या अक्षरावर विश्वास होता.

आईपाशी दिवस थोडे होते हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मी निदान एवढं तरी करावं म्हणून एका दुपारी वही घेऊन त्या दोघांच्या मध्ये बसलो. म्हटलं, आई, तू बोल, मी लिहून त्यांना दाखवतो. तिनं माझ्याकडे बघितलं. खूप वेळ घेऊन ती म्हणाली, "तू जा. तुझं काम कर." मला वाटलं माझ्यावरचा राग अजून गेला नाही. नंतर माझी बायको म्हणाली, "अहो, रागाचं काय त्यात? नवऱ्याशी बोलायचं ते मुलाला कशी सांगेल ती?" मी वही मिटून बाहेर आलो.

बाबा रोज सकाळी यंत्र चार्जरवरून काढून कानात घालत. दिवा हिरवा असे. मी खुणेनं विचारलं, कशाला? ते म्हणाले, "ते दिसलं नाही तर ती बोलायची थांबेल. थोडंथोडं ऐकू येतंय असं सांगितलंय मी तिला." दुपारी ते पूर्वीसारखेच खुर्ची ओढून बसत. ती बोलते आहे हे त्यांना तिच्या गळ्याच्या हालचालीवरून कळे.

खातं गोठवल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी आई गेली. मी आणि बाबा जवळ होतो. तिला फार त्रास झाला नाही. ऑक्सिजनचं यंत्र बंद करायचं सुचायला मला बराच वेळ लागला. बाबांना ते चालू आहे हे कळतच नव्हतं. मी बटण बंद केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय केलंस?"

पुढचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. बाबांनी यंत्र कानातून काढून तिच्या औषधांच्या डब्यात ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. भेटायला येणारे त्यांच्यासमोर बसून हात हातात घेत आणि उठून जात. कर्वे रस्त्यावरून फोन आला की नवं यंत्र आलं आहे. मी नंतर येतो म्हणून सांगितलं.

एकवीस दिवस संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांच्या फोनवर निरोप आला. ग्राहकांच्या सोयीसाठी संमतीची पद्धत सोपी करण्यात आली आहे, आता फोनवर बोलण्याची गरज नाही, खालचं बटण दाबावं. खाली एक निळं बटण होतं. मी ते दाबलं. आपण आमच्या परिवारात आलात याचा आनंद आहे, असं आलं आणि झालं. कितीतरी दिवस ज्यासाठी मी भीक मागितली ते एका बोटाचं काम होतं. कुणीतरी कुठंतरी बसून ते आधी अवघड ठरवलं होतं आणि मग कंटाळून सोपं केलं होतं. मी फोन भिंतीवर फेकून मारायचा राहिलो, कारण तो बाबांचा होता.

मी औषधांच्या डब्यातून यंत्र काढलं, पुसलं, चार्ज केलं आणि गॅलरीत बाबांकडे घेऊन गेलो. ते घालायला तयार नव्हते. मी हात जोडले तेव्हा त्यांनी घातलं. खालच्या रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत चालली होती, ते दचकले. मी खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. गच्चीवरचा फोन, त्यांच्या नावानं दिलेली उत्तरं, एकवीस दिवस. त्या दिवशी त्यांच्यावर ओरडताना काय बोललो होतो तेही सांगितलं. म्हटलं, मी गच्चीवरून तो फोन केला नसता तर कदाचित दुसऱ्या कुणाच्या मदतीनं, दुसऱ्या काही मार्गानं, आई असेपर्यंत तुम्हाला ऐकू आलं असतं. हे मी तुमच्याकडून घालवलं, बाबा.

ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"शेवटच्या दुपारी ती पुष्कळ बोलली," ते म्हणाले. "तू शाळेत होतास, सूनबाई औषधं आणायला गेली होती. आम्ही दोघंच होतो. माझा हात धरला होता तिनं. थोडं बोलायची, हात दाबायची आणि थांबायची. म्हणजे काहीतरी विचारत असणार. मी हो म्हणालो. पुन्हा बोलली, पुन्हा हात दाबला, मी पुन्हा हो म्हणालो. असं तीनदा झालं. मग तिनं हात सोडला आणि शांत झोपली."

"बरं केलंत, बाबा," मी म्हणालो. "तिला बरं वाटलं असेल."

"तिला वाटलं असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण मी तिला शब्द दिलाय रे. कसला दिलाय ते मला माहीत नाही. आता तो मी पाळू कसा?"